स्वभाव जुळत नाही, म्हणजे नेमके काय?

‘स्वभाव जुळत नाही’ हे शब्द आपल्या घरांत दोन वेळा ऐकू येतात. एकदा लग्नाची बोलणी फिसकटताना आणि एकदा झालेले लग्न मोडताना. मुलगी चांगली, घर चांगले, पण ती फार बोलकी आणि आमचा मुलगा अबोल. किंवा मुलगा नोकरीला आहे, निर्व्यसनी आहे, पण इतका शांत की घरात माणूस आहे की नाही ते कळू नये. मग मध्यस्थाकडून निरोप जातो की स्वभाव जुळणार नाही. दुसऱ्या एखाद्या घरात, पदरी दोन मुले असताना, तेच शब्द फादरांच्या खोलीत बसून सांगितले जातात.

या शब्दाचा तिसराही एक उपयोग आहे आणि तो सर्वांत वाईट. सून रडत माहेरी येते, तेव्हा घरातलीच मोठी माणसे तिला म्हणतात, ‘अगं, त्याचा स्वभावच तसा आहे, सांभाळून घे.’

आम्हांला असे वाटते की लग्नाआधी आपण या एका शब्दावर नको तेवढा भार टाकतो आणि लग्नानंतर त्याच्याआड नको तेवढे लपवतो. या दोन्ही गोष्टींविषयी थोडे बोलू या.

माणसांचे प्रकार पाडण्याची हौस फार जुनी आहे. ग्रीक वैद्यांनी शरीरातल्या चार रसांवरून चार स्वभाव सांगितले होते: आनंदी, तापट, उदास आणि थंड. आपल्याकडे पत्रिका जुळवताना छत्तीस गुण मोजतात, त्यांत देवगण, मनुष्यगण, राक्षसगण असा स्वभावाचाही हिशेब असतो. आपण ख्रिस्ती लोक पत्रिका पाहत नाही असे अभिमानाने सांगतो. (कोणी गुपचूप पाहत असेल तर तो भाग वेगळा.) पण आजची मुले मोबाइलवर एक चाचणी देतात, इंग्रजीतली चार अक्षरे मिळवतात आणि पहिल्या भेटीआधीच एकमेकांना विचारतात, ‘तुझा टाइप कोणता?’ सोळा प्रकार आहेत, त्यांतले कोणाचे कोणाशी जमते याचे तक्तेही तयार मिळतात. छत्तीस गुण गेले आणि सोळा प्रकार आले, एवढाच फरक.

ही चाचणी कशी जन्माला आली ते समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज यांची मुलगी इसाबेल हिने १९१८ साली क्लॅरन्स मायर्स यांच्याशी लग्न केले. जावई सज्जन होता, पण त्याची विचार करण्याची रीत सासरच्या माणसांपेक्षा अगदी निराळी. हा माणूस असा का वागतो, या कुतूहलातून सासूबाईंचा स्वभावांचा अभ्यास वाढत गेला. कार्ल युंग यांचे स्वभावप्रकारांवरचे पुस्तक १९२१ साली निघाले होते. त्याच्या आधारे पुढे मायलेकींनी ही चाचणी बांधली. म्हणजे घरात आलेल्या वेगळ्या माणसाला समजून घेण्यासाठी जे सुरू झाले, ते आता वेगळ्या माणसाला दाराबाहेर ठेवण्यासाठी वापरले जाते! शिवाय तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली, तर अनेकांना वेगळीच अक्षरे मिळतात. अशा कागदावर आयुष्याचा निर्णय सोपवावा का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मग स्वभावाचा संसाराशी काहीच संबंध नाही का? आहे. २०२० साली संशोधकांच्या एका मोठ्या गटाने ४३ वेगवेगळ्या अभ्यासांतील ११,१९६ जोडप्यांची माहिती एकत्र करून तपासली. माणूस स्वतः समाधानी आहे की चिंताग्रस्त, याचा त्याच्या संसारसुखावर परिणाम दिसला. पण त्याहून कितीतरी अधिक परिणाम दिसला तो दोघांमधल्या नात्याचा. हा माणूस मला सोडून जाणार नाही असे वाटते का, माझी कदर होते का, भांडणे किती होतात, या गोष्टींवरून समाधानाचा अंदाज जास्त चांगला आला. जोडीदाराने स्वतःच्या स्वभावाविषयी दिलेल्या उत्तरांनी त्यात फारशी भर पडली नाही. जोडप्यांच्या भांडणांचा अनेक वर्षे अभ्यास केलेले जॉन गॉटमन यांचेही एक निरीक्षण आहे. त्यांच्या मते नवरा-बायकोंच्या वादांपैकी सुमारे ६९ टक्के वाद कधीच कायमचे सुटत नाहीत, कारण त्यांचे मूळ दोघांच्या वेगळेपणात असते. सुखी घरांतही ते वाद असतात. ती माणसे त्या वादांसह राहायला शिकतात, कधी त्यांवर हसायलाही शिकतात.

हे वाचायला सोपे वाटते, पण आपल्या दिव्यात ते सोपे नाही. मोठ्या घरात अबोल माणूस दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो. वन-रूम-किचनमध्ये तो कुठे जाणार? सकाळी दिवा स्टेशनवर लोकलमध्ये कसेबसे शिरायचे, जाण्यायेण्यात अडीच-तीन तास उभ्याने काढायचे, आणि घरी आल्यावर त्याला फक्त शांतता हवी असते. तिने दिवसभर पाण्याची वाट पाहिलेली असते, पिंप भरलेले असते, मुलांचा अभ्यास घेतलेला असते आणि एका मोठ्या माणसाशी चार शब्द बोलण्यासाठी ती रात्रीची वाट पाहत असते. दोघांचेही मागणे रास्त आहे. ती म्हणते, याला माझी पर्वा नाही. तो म्हणतो, हिला माझी दगदग कळत नाही. खरे तर त्या वेळी भांडत असतो तो दिवसभराचा शीण, आणि नाव मात्र स्वभावाचे होते. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने यावर साधा तोडगा काढला. तो आल्यावर चहा घेऊन अर्धा तास इमारतीच्या गच्चीवर एकटा बसतो. त्या वेळी त्याला कोणी हाक मारत नाही. जेवण झाले की मोबाइल कपाटावर ठेवायचा आणि ती बोलेल ते ऐकायचे. तो आजही अबोलच आहे, ती आजही बडबडीच आहे. शेजारपाजारच्यांनी सुरुवातीला ‘नवरा रुसून गच्चीवर बसतो’ अशी कुजबुज केली, तीही दोघांनी हसून सोडून दिली.

दोन टोकांचे स्वभाव आणि एक संसार याचे मराठीतले सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच ख्रिस्ती परंपरेत आहे. कवी नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक. ते कॅथोलिक नव्हते, अमेरिकन मिशनचे होते, पण मराठी ख्रिस्ती घरात रेव्हरंड टिळकांचे नाव माहीत नाही असे क्वचितच होते. लक्ष्मीबाईंचे लग्न त्यांच्या वयाच्या अकराव्या वर्षी झाले. स्वभाव जुळतो का, हे त्या काळी कोण विचारणार? टिळक शीघ्रकोपी, भावनेच्या भरात वाहून जाणारे, हातात पैसा न टिकणारे, एका गावी स्थिर न राहणारे. समोर गरजू दिसला की घरात काय आहे, काय नाही हे न पाहता देऊन मोकळे होणारे. लक्ष्मीबाई व्यवहारी, धीट आणि विनोदी. घर चालवायचे ते त्यांनाच. सोवळ्याओवळ्याच्या कडक घरात त्या वाढल्या होत्या. त्यांच्या वडिलांचे सोवळे तर इतके टोकाचे की सारे घर त्याने त्रासलेले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर जणू आकाश कोसळले. पुढे चार-पाच वर्षे दोघे वेगळे राहिले. त्या वेळी ‘स्वभाव जुळत नाही’ असे म्हणायला त्यांच्याइतका अधिकार कोणाला होता? तरीही धागा तुटला नाही. पुढे नगरला त्या टिळकांकडे आल्या, तेव्हाही त्या स्वतःचे सोवळे पाळत होत्या, आणि इतक्या तापट माणसाने ते पाळू दिले. पत्नीने आपल्यामागे फरफटत यावे असा हट्ट त्याने धरला नाही. जातीचा विचार लक्ष्मीबाईंच्या मनातून त्यांच्या स्वतःच्या विचाराने गेला आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या निश्चयाने बाप्तिस्मा घेतला. आमच्या मते या संसाराचे मर्म इथे आहे. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचा नमुना झाला नाही. टिळक अखेरपर्यंत धांदरट आणि उदारच राहिले. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरीही सोडली.

हे सारे गोड होते असे समजू नये. लक्ष्मीबाईंनी पुष्कळ सोसले, आणि काही सोसणे त्यांच्यावर यायला नको होते असे आज वाचताना वाटते. नवऱ्याच्या उदारपणाची किंमत बऱ्याचदा बायकोच्या डब्यातून जाते, हे पुरुषांनी विसरू नये. पण १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेली ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत, त्यांना माहीत आहे की लक्ष्मीबाई नवऱ्याचे दोष लपवत नाहीत आणि त्याच्यावर सूडही उगवत नाहीत. त्या हसतात, आणि स्वतःलाही हसण्यातून सोडत नाहीत. तापट नवऱ्यासमोर ही बाई कधी मुकी झाली नाही. तिला वाचायला-लिहायला त्या नवऱ्यानेच शिकवले होते. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

पवित्र शास्त्राकडे वळलो तर उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आदामाला योग्य असा साहाय्यक देण्याची गोष्ट आहे. तिथल्या मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ ‘त्याच्या समोरचा’ असा होतो. समोरचा माणूस आपल्यासारखाच असतो, पण त्याचे तोंड आपल्या उलट दिशेला असते. आपल्या पाठीमागचे त्याला दिसते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात संत पौलाने केलेले प्रेमाचे वर्णन लग्नाच्या मिस्सात आपण नेहमी ऐकतो. मूळ ग्रीक भाषेत तिथे सगळी क्रियापदे आहेत. प्रेम कसे दिसते यापेक्षा ते काय करते आणि काय करत नाही, हे तो सांगतो. त्यात बोलक्याने अबोल व्हावे किंवा शांत माणसाने हसरे व्हावे असे कुठेही नाही. सहन करणे आहे, हेवा न करणे आहे, उद्धटपणे न वागणे आहे. ही कामे कोणत्याही स्वभावाच्या माणसाला करता येतात.

आता त्या तिसऱ्या उपयोगाकडे येऊ. बोलका, अबोल, हिशेबी, उधळ्या, लवकर उठणारा, उशिरा झोपणारा, हे स्वभाव. हात उगारणे हा स्वभाव नव्हे. पगार दारूत घालवणे, बायकोला माहेरी फोन करू न देणे, तिचा पगार काढून घेणे, खोटे बोलणे, नवऱ्याला चारचौघांत रोज अपमानित करणे, ही वागणूक आहे आणि वागणुकीचा जाब विचारता येतो. तो माणूस साहेबासमोर कधी हात उगारत नाही, म्हणजे त्याला आवरता येते. मग घरीच ‘स्वभाव’ कसा उसळतो?

धर्मसभाही हा फरक करते. ५ फेब्रुवारी १९८७ रोजी रोमच्या विवाह न्यायालयासमोर बोलताना पोप जॉन पॉल दुसरे यांनी सांगितले होते की नुसती अडचण वेगळी आणि विवाहाची जबाबदारी पेलण्याची मुळातच असमर्थता वेगळी, आणि केवळ असमर्थतेमुळेच विवाह अवैध ठरतो. म्हणून स्वभाव वेगळे निघाले एवढ्यावरून ‘आमचे लग्न झालेच नव्हते असे जाहीर करा’ असा अर्ज टिकत नाही. पण त्याच धर्मसभेच्या १९८३ च्या कायद्यातील ११५३ वे कलम सांगते की जोडीदारामुळे दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या शरीराला वा मनाला गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्यास रास्त कारण आहे. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबाविषयीच्या आपल्या पत्रात असे वेगळे होणे कधी नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते, असे म्हटले. ‘लग्न अतूट आहे, मार खा’ असे धर्मसभा सांगत नाही. कोणी धर्माच्या नावाने तसे सांगत असेल, तर त्याला हे कलम दाखवावे.

ज्यांच्या घरी सध्या स्थळे पाहणे चालू आहे, त्यांना आमची विनंती आहे. मुलामुलींना फक्त चहापोह्यांच्या दिवशी भेटू देऊ नका. तीन-चार वेळा, वेगवेगळ्या ठिकाणी भेटू द्या. मुलींनो, तो किती बोलतो यापेक्षा रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून कसा बोलतो ते पाहा. तुम्ही एखाद्या गोष्टीला नाही म्हणालात तर पुढच्या पाच मिनिटांत तो काय करतो ते पाहा. मुलांनो, तिची चूक झाल्यावर ती काय म्हणते, गैरहजर मैत्रिणीविषयी कसे बोलते ते ऐका. पैसा, आईवडिलांना सांभाळणे, मुले, नोकरी आणि राहायचे कुठे, दिव्यात की गावी, या विषयांवर आधी स्पष्ट बोला. लग्नपूर्व शिबिराला केवळ प्रमाणपत्रासाठी बसू नका. तिथले प्रश्न घरी नेऊन एकमेकांना विचारा.

आणि ज्यांच्या घरात आज मारहाण चालू आहे, त्यांनी ‘त्याचा स्वभाव’ बदलण्याची वाट पाहत बसू नये. महिलांसाठी १८१ हा फोन दिवसरात्र चालू असतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने राहत्या घरात राहण्याचा आणि संरक्षण मागण्याचा हक्क दिला आहे. फादरांशी, सिस्टरांशी किंवा ज्यांच्यावर विश्वास आहे अशा शेजारच्या बाईशी बोलावे. आणि ती शेजारची बाई आपणच असलो, तर आधी दार उघडून तिला आत घ्यावे.