गुन्हेगार निवेदक आणि वाचकाचे निरपराधित्व

जिम थॉम्प्सन यांची ‘द किलर इनसाइड मी’ ही कादंबरी १९५२ साली अमेरिकेत ‘लायन बुक्स’ने स्वस्त, कागदी बांधणीत प्रसिद्ध केली. टेक्सासमधील सेंट्रल सिटी या तेलामुळे फुगलेल्या छोट्या गावातला डेप्युटी शेरीफ लू फोर्ड हा तिचा निवेदक. तो मृदुभाषी, अदबशीर आणि वरकरणी थोडासा मंद आहे. आणि तो खुनी आहे. थॉम्प्सन १९७७ साली निवर्तले. त्यानंतरच्या दशकात त्यांच्या पुस्तकांची पुनर्मुद्रणे निघू लागली आणि एके काळी रेल्वेप्रवासात वाचून टाकून द्यायची म्हणून गणलेली ही कादंबरी अभ्यासाचा विषय झाली. या दीर्घ प्रवासात तिने वाचकांकडून जे प्रतिसाद मिळवले, त्यांतून एक नैतिक प्रश्न पुढे येतो : दुष्कृत्याचे निवेदन आस्वादणाऱ्या वाचकाची त्या दुष्कृत्याशी काही बांधिलकी निर्माण होते काय?

या प्रतिसादांचे स्थूलमानाने तीन प्रकार संभवतात. पहिला प्रतिसाद जुगुप्सेचा. असा वाचक पुस्तक मिटतो, किंवा ते लिहिलेच जाऊ नये असे म्हणतो. मायकल विंटरबॉटम यांचा याच कादंबरीवरील चित्रपट २०१० च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात दाखवला गेला, तेव्हा स्त्रियांवरील हिंसेच्या दृश्यांविरुद्ध उमटलेला निषेध याच जातीचा होता. दुसरा प्रतिसाद रसिकाचा. कलाकृतीचे विश्व अलौकिक असते, तिथे लौकिक नीतीचे निकष लावणे गैर, असे तो मानतो आणि निवेदनशैलीच्या कौशल्याकडे लक्ष वेधतो. तिसरा प्रतिसाद स्पष्टीकरणाचा. लू फोर्ड रुग्ण आहे. बालपणातील आघात, वडिलांचा धाक आणि दडपलेली कामवासना यांतून तो घडला, असे निदान केले की त्याचे कोडे सुटते.

हे तिन्ही प्रतिसाद परस्परविरोधी भासतात; परंतु त्यांच्यात एक समान सूत्र आहे. तिन्हींत वाचक स्वतःला निरपराध ठरवतो. पहिला दाराबाहेर उभा राहतो, दुसरा प्रेक्षागारात बसतो, तिसरा डॉक्टरच्या खुर्चीत. घडलेल्या गोष्टीत आपण सहभागी होतो, हे यांपैकी कोणीही मान्य करीत नाही. कादंबरीची रचना मात्र या तिन्ही जागा वाचकाकडून एकेक करून काढून घेते.

पहिल्याच प्रकरणात लू उपाहारगृहाच्या मालकाशी बोलताना गुळगुळीत, घासून बोथट झालेली सुभाषिते एकामागून एक ऐकवत राहतो. ऐकणाऱ्याला उठून जाता येत नाही, कारण बोलणारा सभ्य आहे. हा छळ आहे हे केवळ दोघांना कळते : लूला आणि वाचकाला. वाचक हसतो. थोड्याच वेळात, पैसे मागणाऱ्या एका भणंगाच्या तळहातावर लू जळती सिगार चुरडतो. पहिली क्रूरता शब्दांची होती, दुसरी देहाची. पण दोहोंची वृत्ती एकच. पहिलीला हसलेला वाचक दुसरीपाशी दचकतो खरा, तथापि तोवर तो निवेदकाच्या गोटात दाखल झालेला असतो.

छोट्या गावाची पार्श्वभूमी येथे केवळ वातावरणनिर्मितीसाठी नाही. जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे सौजन्य हेच सर्वांत अभेद्य आवरण असते. सेंट्रल सिटीत काहींना संशय येतो. परंतु तो उघड बोलून दाखवायला बराच काळ जातो. या ठिकाणी वाचक त्या गावकऱ्यांहून वेगळा नाही. किंबहुना तो अधिक दोषी आहे, कारण गावकऱ्यांना केवळ शंका आहे, वाचकाला सर्व ठाऊक आहे.

लूची वाग्दत्त वधू असलेल्या एमी स्टँटन या शिक्षिकेच्या खुनाचे निवेदन या संदर्भात विशेष पाहण्याजोगे आहे. तिला आपण केव्हा मारले हे लू दिवस आणि वेळेसह आधीच सांगून टाकतो. मग प्रत्यक्ष प्रसंग सांगणे लांबवत राहतो. रहस्यकथेचे सर्व बळ जिज्ञासेत असते. येथे जिज्ञासा पुरी होण्याचा मार्ग एकच : एमीचा मृत्यू. ‘पुढे काय झाले?’ ही वाचकाची निरागस अधीरता या पानांवर ‘एकदाचे होऊन जाऊ दे’ या इच्छेपासून वेगळी काढता येत नाही.

अभिनवगुप्तांनी सांगितलेल्या सात रसविघ्नांत स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे एक विघ्न आहे. त्या आधारे, पुस्तक मिटणारा वाचक सहृदयतेत उणा पडला, असे रसिक म्हणू शकेल. पण त्याच परंपरेत आनंदवर्धनांनी अनौचित्य हेच रसभंगाचे कारण मानले आहे. म्हणजे औचित्याची जाणीव ही आस्वादाबाहेरून येणारी लुडबुड नसून त्याच्या आतच कार्यरत असते. थॉम्प्सन यांच्या कादंबरीत ही जाणीव उशिरा जागी होते, आणि तो उशीर हाच तिचा आशय आहे. निदान करणाऱ्या वाचकालाही लू आसरा देत नाही. वडिलांच्या ग्रंथसंग्रहातील मानसशास्त्राची पुस्तके त्याने वाचलेली आहेत. स्वतःच्या विकाराचे निदान तो स्वतःच वाचकाच्या हाती ठेवतो. खुन्यानेच पुरवलेले स्पष्टीकरण घेऊन त्याच्यापासून सुरक्षित अंतरावर उभे राहता येत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. जॉइस लेकलँड आणि एमी या स्त्रियांचा देह पिचला जातो तो पुरुष निवेदकाच्या शब्दांत. त्यांचे स्वतःचे म्हणणे वाचकापर्यंत पोचत नाही. अशा स्थितीत वाचकाच्या आत्मपरीक्षणाचे कौतुक करणे म्हणजे त्यांच्या यातनांचे पुन्हा एकदा साधन करणे नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे, आणि कोणत्याही वाचनसिद्धांताने तो पुरता निकालात निघणार नाही. मात्र कादंबरीच्या शेवटी त्याला एक उत्तर दडलेले आहे. प्रारंभीच्या भागात लू जॉइसला अमानुषपणे मारतो. पुढे ती फोर्ट वर्थच्या रुग्णालयात मरण पावल्याचे कळते. लू त्यावर विश्वास ठेवतो, आणि वाचकही. ती वेश्या आहे, कथानक पुढे गेले आहे, अन्य बळी समोर येत आहेत. अखेरीस ती जिवंत समोर उभी केली जाते. लूला बसणारा धक्का कथानकाचा आहे. वाचकाला बसणारा धक्का वेगळा : ही बाई मेली म्हणून सांगितले गेले आणि आपण ते किती सहजपणे मान्य केले! तिचा मृत्यू वाचकाने कथेची सोय म्हणून हिशेबातून वजा केला होता. तिचे परतणे ही त्याची साक्ष आहे.

मराठीत रहस्यकथेला रंजनप्रधान वाङ्मयाच्या खात्यात टाकून समीक्षेने तिच्याकडे बहुधा पाठ फिरवली. त्यामुळे तिच्या वाचकाविषयीचा प्रश्नही फारसा विचारला गेला नाही. रंजन निर्हेतुक असते असे गृहीत धरले, की रंजन होताना वाचकाने कशाला संमती दिली हे पाहण्याचे कारण उरत नाही. ‘द किलर इनसाइड मी’ हे गृहीतकच तपासायला लावते.

याचा अर्थ असा नव्हे की अशा कादंबऱ्या वाचणारा खुन्याचा भागीदार ठरतो. कल्पित खुनाचे पाप वाचकाच्या माथी मारणे हा नीतीचा अतिरेक होईल. वाचकाचे उत्तरदायित्व कृत्याविषयी नसून आपल्या प्रतिसादाविषयी आहे. आपण कोठे हसलो, कोठे अधीर झालो आणि कोणाचा मृत्यू सहज मान्य केला, याची स्मृती जपणे एवढेच त्याच्याकडून अपेक्षित आहे. जुगुप्सा, रसिकता आणि निदान हे तिन्ही प्रतिसाद ही स्मृती पुसतात. ती शिल्लक ठेवणारा वाचक निर्दोष नसेल. परंतु जॉइसला विसरण्याची चूक त्याच्याकडून दुसऱ्यांदा होण्याची शक्यता कमी.