शिक्का नंतर द्या

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागाईतदाराचा मुलगा नाशिकला मेकॅनिकल डिप्लोमा करत होता. दुसरं वर्ष संपत आलं होतं. सुट्टीत कुठल्यातरी कारखान्यात इंटर्नशिप करायची आणि तिचं प्रमाणपत्र कॉलेजात जमा करायचं, असा नियम. वर्गातल्या बऱ्याच मुलांची सोय कुणाच्या काकांनी, कुणाच्या शेजाऱ्यांनी आधीच लावून दिली होती. याच्या घरात कारखान्याची पायरी कुणी चढलेलं नव्हतं.

त्याने सगळे करतात तेच केलं. मित्राचा बायोडेटा घेतला, त्यात स्वतःचं नाव घातलं, आणि सापडतील तेवढ्या कंपन्यांना मेल पाठवून दिले. एकाचंही उत्तर आलं नाही. मग सातपूरच्या मोठ्या गेटांवर जाऊन उभा राहिला. वॉचमन भला असला तर म्हणायचा, "ठेवून जा कागद, साहेबांना देतो." बहुतेक ठिकाणी तेवढंही नाही. शेवटी कॉलेजच्या बाहेर भेटणाऱ्या एका इसमाने रस्ता दाखवला. चार हजार रुपये द्यायचे, सुट्टीभर घरी बसायचं, शेवटी शिक्का मारलेलं प्रमाणपत्र घेऊन जायचं. वर्गातल्या दोघातिघांनी पैसे भरलेही होते.

हा पैसे मागायला घरी गेला नाही, मामाकडे गेला. मामा अंबड एमआयडीसीत छोटा हत्ती चालवायचा. एका शेडमधले जॉब उचलायचे, दुसरीकडे हीट ट्रीटमेंटला टाकायचे, तिथून प्लेटिंगला, असा दिवसभर धंदा. भाच्याचं गाऱ्हाणं ऐकून मामा म्हणाला, "वशिला माझ्याकडे नाही, भाच्या. गाडी आहे. बसायचं तर बस."

तो बसला. क्रेट चढवू लागला, उतरवू लागला, आणि हळूहळू त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. मोठ्या गेटांच्या आत गाड्या आणि यंत्रं जुळत असतील, पण त्यांचे कितीतरी भाग या गल्लीबोळातल्या पत्र्याच्या शेडमध्ये घडत होते. चार यंत्रं, आठदहा माणसं, दाराशी लोखंडी बुराचा ढीग आणि कूलंटचा वास. इथे वॉचमन नव्हता. शटर उघडं होतं. या शेडकडे बायोडेटा पाठवावा असं मात्र वर्गातल्या कुणालाच सुचलं नव्हतं, कारण त्यांची नावं कुणाला माहीतच नव्हती.

एका दुपारी पांडवलेण्याच्या पायथ्याशी मामाने गाडी चहासाठी थांबवली. पूर्वी मामा शाळेची व्हॅन चालवायचा. दरवर्षी सहलीची पोरं तो इथल्या फाळके स्मारकात आणायचा, आणि गुरुजी सांगत ती हकिकत ऐकून ऐकून त्याला पाठ झाली होती.

"फाळके कोण होते, ठाऊक आहे ना?"

"पिक्चर काढणारे."

"ते नंतर. आधी ते शिकायला गेले होते. ते कसे गेले, ते ऐक."

ती हकिकत इथे नीट सांगायला हवी. इंटर्नशिप शोधणाऱ्या मुलासाठी हिच्याइतकी नेमकी गोष्ट नाशिककडे दुसरी नाही.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 1870 चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. फोटोग्राफी केली, छपाईच्या धंद्यात नाव मिळवलं, आणि चाळिशीच्या घरात तो धंदा सोडून बसले. त्याच सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक चित्रपट त्यांनी पाहिला आणि आपल्याकडच्या कथा अशा पडद्यावर आणायच्या हे मनाशी पक्कं केलं. ती कला शिकवणारी शाळा इथे नव्हती. शिकवणारा माणूसही नव्हता. मग त्यांनी काय केलं? मिळेल तो चित्रपट पाहिला, रोज पाहिला, डोळे अधू होण्याची वेळ येईपर्यंत पाहिला. या कलेवरचं इंग्रजी पुस्तक मिळवून वाचलं. एक खेळण्यातला स्वस्त कॅमेरा आणि फिल्मचे तुकडे घेऊन मेणबत्ती आणि बहिर्गोल भिंग यांच्या मदतीने घरच्या भिंतीवर चित्रं पाडून पाहिली. लंडनहून निघणाऱ्या 'बायोस्कोप' या साप्ताहिकाची वर्गणी भरली. आणि एवढं सगळं झाल्यावर, विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून कर्ज काढलं आणि फेब्रुवारी 1912 मध्ये लंडनला गेले.

तिथे ओळखीचं कुणी नव्हतं. रस्त्याने फिरताना त्यांना 'बायोस्कोप'ची पाटी दिसली आणि ते सरळ आत शिरले. संपादक कॅबोर्न यांनी पहिल्यांदा त्यांना परावृत्तच केलं. इंग्लंडमध्येही या धंद्यात लोक बुडताहेत, हिंदुस्थानच्या हवेत हे कसं जमणार, असं त्यांचं म्हणणं. पण बोलता बोलता त्यांच्या ध्यानात आलं, की हा माणूस रिकाम्या हाताने आलेला नाही. त्याला प्रश्न पडलेले आहेत, आणि ते काम करून पाहिल्याशिवाय पडणारे नाहीत. कॅबोर्न यांनी त्यांची गाठ सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी घालून दिली. हेपवर्थ यांनी वॉल्टनचा आपला स्टुडिओ त्यांना खुला केला, एकेक विभाग दाखवला, प्रत्यक्ष चित्रण कसं होतं तेही दाखवलं. फाळके यांचा लंडनमधला सगळा मुक्काम जेमतेम दोन आठवड्यांचा. एवढ्यात त्यांनी काम पाहिलं, 50 पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेतला, फिल्म आणि छिद्रं पाडायचं यंत्र मागवण्याची व्यवस्था केली आणि ते परतले. दादरच्या घरी सरस्वतीबाईंना त्यांनी फिल्मला छिद्रं पाडायला शिकवलं. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून कुंडीत लावलेल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ कॅमेऱ्यात टिपून दाखवली. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. त्यानंतर फाळके यांनी बिऱ्हाड आणि स्टुडिओ दोन्ही नाशिकला आणले.

आपण ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतो. जिद्द होतीच. पण जिद्द पुष्कळांकडे असते, आणि दारं तरी बंद राहतात. फाळके यांना दोन आठवडे पुरले, कारण आधीचं शिक्षण त्यांनी घरच्या घरी केलं होतं. आणि या गोष्टीतली आणखी दोन माणसं आपण नेहमी विसरतो: कॅबोर्न आणि हेपवर्थ. परक्या देशातून आलेल्या अनोळखी, चाळिशीच्या माणसाला त्यांनी आत घेतलं. त्यांनी दार लोटून घेतलं असतं तर त्यांना कुणी नावं ठेवली नसती.

मामाने चहाचे पैसे दिले आणि गाडीत बसता बसता विचारलं, "तुझ्याकडे असं काही आहे का रे, घरच्या घरी केलेलं?"

होतं. पण त्याला ते दाखवण्यासारखं वाटलं नव्हतं.

आदल्या दिवाळीच्या सुट्टीत बागेत डाऊनी रोग आला होता, आणि नेमका ओळींच्या एकाच बाजूला जास्त. वडील औषधाला दोष देत होते. याने फवारणीचा ब्लोअर सुरू करून प्रत्येक नोझलखाली एकेक मिनिट मापाचं भांडं धरलं आणि किती पाणी पडतं ते वहीत लिहून ठेवलं. दोन नोझल तुंबलेले निघाले. काहींतून मात्र पाणी भसाभस जात होतं. त्या नोझलांतल्या पितळी चकत्या त्याने काढल्या. भोक मोजायचं कशाने? घरात ड्रिल बिटांचा संच होता. बारीक बिटाचा दांडा भोकात घालून पाहायचा, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. नव्या चकतीत दीड मिलिमीटरचा दांडा शिरत नव्हता. जुन्या चकतीत तो सहज जाऊन हलत होता. चकत्या बदलल्या आणि दोन्ही बाजूंची फवारणी सारखी झाली. वही आणि एक झिजलेली चकती मात्र त्याच्या दप्तरातच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी मामा ज्या शेडमध्ये क्रेट टाकायचा, तिथल्या शेठसमोर तो उभा राहिला. शेठ स्वतः आयटीआय झालेले, सातपूरच्या एका कंपनीत ॲप्रेंटिस म्हणून सुरुवात करून पुढे स्वतःची दोन यंत्रं टाकलेले. त्यांनी मान वर न करता विचारलं, "इंटर्नशिप ना? ती पोरं येतात आमच्याकडे. शिकवायला माणूस नाही माझ्याकडे. कागद ठेव, शिक्का मारून देतो, घेऊन जा."

चार हजारांना मिळणारी गोष्ट फुकट मिळत होती. मामाने भाच्याकडे पाहिलं.

"शिक्का नंतर द्या, सर," पोरगा म्हणाला. "आधी एवढं सांगा. पितळेतलं भोक नुसत्या पाण्याने इतकं कसं वाढतं?" आणि त्याने चकती टेबलावर ठेवली.

शेठनी ती उचलली, उजेडाकडे धरली. "पावडरची औषधं मारता का?"

"हो."

"मग ते नुसतं पाणी कुठे? पावडर विरघळत नाही, तिचे कण राहतात. दाबाखाली तेच पितळ खातात. किती वाढलं, हे कसं कळलं तुला?"

त्याने वही उघडली आणि ड्रिल बिटांचं सांगितलं. शेठ उठले. बेंचवरून त्यांनी दोन टोकांचा एक प्लग गेज आणला आणि तयार जॉबच्या भोकात घालून दाखवला. एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दोन्ही गेली तर जॉब रिजेक्ट. "घरी बसून तू हेच करत होतास," ते म्हणाले. "नाव तेवढं ठाऊक नव्हतं. उद्या साडेआठला ये. चप्पल नाही, बूट."

पुढचे दिवस काही चमत्काराचे नव्हते. बुर काढणं, जॉब पुसणं, मोजून वहीत लिहिणं. ऑपरेटरदादांनी त्याला मायक्रोमीटर किती दाबायचा हे हाताला हात लावून शिकवलं, इन्सर्ट झिजला की कापण्याचा आवाज बदलतो ते ऐकवलं. पहिल्या आठवड्यात त्याने एका ट्रेमधले चांगले जॉब रिजेक्टमध्ये टाकले, त्याबद्दल बोलणीही खाल्ली. शेठनी त्याला जायचा-यायचा खर्च आणि वर थोडे पैसे दिले. मागितले नव्हते, तरी दिले.

हे आवर्जून सांगायचं कारण, शिकवण्याच्या नावाखाली मुलांना फुकट राबवणारेही आपल्याकडे आहेत. शिकणाऱ्याला विद्यावेतन मिळावं हे या देशात 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यापासून मान्य आहे. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेने ठराविक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत, आणि त्याहून छोट्या शेडनाही ते घेता येतात. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली, तिच्यात बारावी झालेल्याला दरमहा 6 हजार, आयटीआय-डिप्लोमावाल्याला 8 हजार आणि पदवीधराला 10 हजार ठरले. नाशकात खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या खेड्यातल्या मुलीला या पैशांवरच शिकायचं की परतायचं हे ठरवावं लागतं.

सुट्टी संपली तेव्हा शेठनी प्रमाणपत्र दिलं. लेटरहेडवर, स्वतःच्या अक्षरात. "व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि गेज बिनचूक वापरतो. ड्रॉइंग वाचतो. नोंदी स्वच्छ ठेवतो. मशीन सेटिंग अजून येत नाही, ते शिकवायला वेळ पुरला नाही." खाली सही आणि शिक्का. कॉलेजातल्या सरांनी ते दोनदा वाचलं. शेवटच्या वर्षी कंपनीची माणसं मुलाखती घ्यायला आली, तेव्हा त्यांनीही वाचलं, आणि याला सगळे प्रश्न मोजमापावर विचारले. उत्तरं त्याला येत होती. नोकरी लागली ती अंबडमध्येच. चार हजार भरलेल्या मुलाच्या प्रमाणपत्रात त्याने काय केलं याची एकही ओळ नव्हती, त्यामुळे तू तिथे काय केलंस, या पहिल्याच प्रश्नाला तो अडला. त्याला हसण्यासारखं यात काही नाही. त्याची सुट्टी त्याच्याकडून विकत घेतली गेली होती, तीही त्याच्याच पैशांनी.

फाळके यांच्या गोष्टीचा एक तुकडा मामाला ठाऊक नव्हता. 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती करायला स्त्री मिळेना, तेव्हा फाळके यांनी मुंबईतल्या एका खानावळीत काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला घेतलं. तोच पुढे 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही झाला, आणि नंतर कॅमेराही चालवू लागला. लंडनला जे मिळालं, ते फाळके यांनी परतल्यावर दुसऱ्यांना दिलं.

म्हणून ही विनंती शेवटी मुलांना नाही, अंबड-सातपूरच्या, सिन्नरच्या छोट्या शेडवाल्यांना आहे. तुमच्यातले कितीतरी जण कुणाच्या तरी हाताखाली उभे राहून शिकलात. येत्या उन्हाळ्यात एखादी मुलगी, एखादा मुलगा शटरपाशी येऊन उभा राहील, तेव्हा शिक्क्याची पेटी उघडू नका. आत बोलवा, काय करून आलात ते विचारा, आणि दोन जणांना तरी कामावर घ्या.