हात शस्त्राकडे जाण्यापूर्वी



कोकणातील कितीतरी घरांप्रमाणे आमच्या घराचाही एक उंबरठा परदेशात आहे. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा अनेक वर्षांपासून अमेरिकेतील टेक्सस राज्यात राहतो. गेल्या रमजानमध्ये तरावीहची नमाज आटोपून घरी परतताना तो पेट्रोलसाठी वाटेत थांबला. पत्नी आणि चार वर्षांची मुलगी गाडीतच होत्या. तो खाली उतरतो न उतरतो तोच एक अनोळखी मनुष्य मोठमोठ्याने काहीतरी ओरडत अंधारातून भराभर त्याच्या रोखाने येऊ लागला. भाच्याचा हात नकळत सदऱ्याखाली कमरेशी गेला. तेथे पिस्तूल होते.

त्याने ते बाहेर काढले नाही. तो गाडीत बसला, दारे बंद केली आणि निघून गेला. तो मनुष्य कोण होता, त्याला काय हवे होते, हे त्याला आजही ठाऊक नाही. एका मित्राने त्याला सुनावले, ''आज नशिबाने वाचलास. शस्त्र बाळगायचे आणि वेळेवर काढायचे नाही, तर बाळगतोस कशाला?'' पत्नी मात्र म्हणाली की, केले ते योग्यच केले. त्या रात्री त्याने मला फोन करून विचारले, ''मामू, मी शहाणा ठरलो की भित्रा?''

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर मी त्याला लगेच देऊ शकलो नाही. फतवा देणे हे माझे काम नव्हे, ते उलमांचे आहे. परंतु कुरआन आणि सुन्नतच्या प्रकाशात या प्रश्नाचा विचार करणे हे आपल्यापैकी प्रत्येकाचे काम आहे.

प्रथम कायदा पाहू. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून, कायद्याने मनाई नसलेल्या २१ वर्षांवरील व्यक्तीला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येते. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा हक्क असल्याचा निवाडा दिला. मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे दोन मशिदींवर झालेल्या हल्ल्यात ५१ जण शहीद झाले. त्यानंतर परदेशातील अनेक मुस्लिमांच्या मनात हा विचार प्रबळ झाला की, आपल्या कुटुंबाचे रक्षण आपणच केले पाहिजे. ही भीती काल्पनिक नाही आणि तिची थट्टा करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

इस्लामही आक्रमकापुढे मान तुकवण्याचा आदेश देत नाही. प्राण ही अल्लाहने सोपवलेली अमानत आहे. आपला माल, आपला जीव, आपले कुटुंब किंवा आपला धर्म यांचे रक्षण करताना जो मारला जातो तो शहीद आहे, अशी शुभवार्ता प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. तेव्हा स्वसंरक्षणासाठी शस्त्र उचलणे मुळातच निषिद्ध आहे, असे म्हणणे शरीअतला धरून होणार नाही. पण अनुमती मिळाली म्हणजे विचार संपला असे नाही. खरे तर विचाराची गरज तेथूनच सुरू होते.

ज्या प्रेषितांनी (स.) ही शुभवार्ता दिली, त्यांनीच शस्त्राबद्दल किती बारकाईने ताकीद दिली आहे ते पाहा. बाण घेऊन मशिदीतून वा बाजारातून जाणाऱ्याने त्यांची टोके मुठीत धरावीत, म्हणजे कोणाला इजा होणार नाही. उपसलेली तलवार एकाने दुसऱ्याच्या हाती देऊ नये. आपल्या भावावर शस्त्र रोखू नये, थट्टेतही नाही, कारण सैतान केव्हा हात हलवील याचा नेम नाही. विचार करा, हा तो काळ होता जेव्हा शस्त्राशिवाय प्रवास करणे अवघड होते. तरीही शस्त्र बाळगणाऱ्याला सांगितले गेले की, तुझ्या हातातील पात्याची जबाबदारी गर्दीतील प्रत्येक अनोळखी माणसापर्यंत पोहोचते.

आता पिस्तूल बाहेर काढणे म्हणजे नेमके काय, याचा विचार करू. पुष्कळांना वाटते की, शस्त्र दाखवायचे ते केवळ समोरच्याला घाबरवण्यासाठी. गोळी झाडली तरच पाप-पुण्याचा प्रश्न येतो. हा समज चुकीचा आहे. आपण शस्त्र रोखले त्या क्षणी समोरच्याच्या दृष्टीने आपणच आक्रमक झालो. तो निरपराध असेल, तर आता स्वसंरक्षणाचा हक्क त्याचा आहे आणि अतिक्रमण आपले. शिवाय शस्त्र बाहेर आल्यावर परत फिरण्याच्या वाटा दोघांसाठीही झपाट्याने बंद होत जातात. म्हणून ''गोळी केव्हा झाडावी?'' याच्याही आधी ''हात कमरेकडे केव्हा जावा?'' हे ठरले पाहिजे.

आपल्या फिकहच्या ग्रंथांत अंगावर चालून येणाऱ्याला परतवण्याचा स्वतंत्र अध्याय असतो. त्याचे सूत्र असे की, सौम्यात सौम्य उपायाने भागत असेल तर त्याहून कठोर उपाय वैध नाही. सातव्या हिजरी शतकातील शाफई इमाम नववी (रह.) यांनी याची पायरी-पायरीने मांडणी केली आहे. शब्दाने किंवा मदतीसाठी हाक मारून तो परतत असेल तर हात उगारू नये. हाताने भागत असेल तर चाबूक नको. चाबकाने भागत असेल तर काठी नको. प्राण घेणे ही अगदी शेवटची पायरी. आणि सुरक्षितपणे निसटून जाणे शक्य असेल, तर निसटणेच आवश्यक आहे, असा निर्णय त्यांनी दिला आहे. आमच्या कोकणात बहुसंख्य मुस्लिम शाफई मसलकाचे असल्याने हे आपल्याच घरातले मार्गदर्शन आहे.

येथे कायदा आणि फिकह यांच्या वाटा वेगळ्या होतात. जेथे उभे राहण्याचा तुम्हाला हक्क आहे तेथून मागे हटण्याची सक्ती टेक्ससचा कायदा करत नाही. एवढेच नव्हे, रात्री चोरी करून माल घेऊन पळणाऱ्यावर काही परिस्थितीत प्राणघातक बळ वापरण्याचीही त्या कायद्यात मुभा आहे. पण मोमिन फक्त ''न्यायालय मला सोडील काय?'' एवढेच विचारून थांबू शकत नाही. मालाचे रक्षण करणे जायज आहे, परंतु शाफई फकीहांच्या मते निर्जीव मालासाठी ते वाजिब नाही. मनुष्य आपला माल सोडून देऊ शकतो. जो पाठ फिरवून पळतो आहे त्याच्यापासून प्राणाला धोका उरलेला नाही. जमलच्या लढाईत, हिजरी सन ३६ मध्ये, हजरत अली (रजि.) यांनी पळणाऱ्यांचा पाठलाग करू नये आणि जखमींना ठार करू नये, असे फर्मान काढले होते. संरक्षणाचा हक्क धोक्याबरोबर जन्मतो आणि धोक्याबरोबरच संपतो. त्यानंतर हातात उरते ती केवळ सूडाची भावना.

यावर माझा भाचा म्हणाला, ''मामू, पायऱ्या चढायला वेळ कोठे असतो?'' त्याचा आक्षेप खोटा नाही. १९८३ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या एका पोलीस प्रशिक्षकाने दाखवून दिले की, चाकू घेतलेला मनुष्य सुमारे २१ फुटांचे अंतर अवघ्या दीड सेकंदात कापू शकतो. दीड सेकंदात ना ग्रंथ आठवतो, ना मामूचा उपदेश. आपले फकीहसुद्धा हे जाणून होते. हल्ला अंगाशी भिडला आणि क्रम पाळणे अशक्य झाले, तर पायऱ्यांचे बंधन उरत नाही, असे त्यांनी म्हटले आहे.

मग उपाय काय? उपाय हा की, बहुतेक पायऱ्या त्या दीड सेकंदाच्या आधीच चढून घ्यायच्या. निर्जन जागी थांबू नये. वाहनतळावरील जागेवरून वा शिवीवरून कोणाशी हुज्जत घालू नये. शस्त्र कमरेला असताना तर मुळीच नाही, कारण आपण पेटवलेल्या भांडणात शस्त्र काढले तर त्याला स्वसंरक्षण कोण म्हणेल? अंतर राखावे, वेळीच मोठ्याने हाक द्यावी, निघून जावे. ज्याने शस्त्र बाळगण्याचे ठरवले त्याने आपला राग घरी ठेवून बाहेर पडले पाहिजे. अपमान गिळण्याचे ओझे निःशस्त्र माणसापेक्षा त्याच्यावर अधिक आहे.

दुसरी गोष्ट भीतीची. भीती वाटणे निराळे आणि धोका असणे निराळे. फिकहच्या भाषेत एक असतो 'वहम', म्हणजे मनाचा खेळ. आणि एक असतो 'गालिब गुमान', म्हणजे डोळ्यांसमोरील खुणांवर उभा असलेला दाट विश्वास. माणसाला इजा करण्याचे सामर्थ्य समोरच्याजवळ आहे काय, या अंतरावरून ती करण्याची संधी त्याला आहे काय आणि त्याच्या कृतीतून तसा इरादा स्पष्ट दिसतो काय, हे तीन प्रश्न अमेरिकेतील शस्त्र-प्रशिक्षकही शिकवतात. तिन्हींचे उत्तर एकाच वेळी 'होय' नसेल, तर आपल्या मनात आहे तो वहम.

वहमाची किंमत काय असते, हे १७ ऑक्टोबर १९९२ रोजी लुइझियाना राज्यातील बॅटन रूज शहरात जगाने पाहिले. शिक्षणासाठी आलेला १६ वर्षांचा एक जपानी मुलगा मेजवानीला जाताना चुकीच्या घराची घंटा वाजवतो. घरातील स्त्री घाबरून पतीला बंदूक आणायला सांगते. पती रिव्हॉल्व्हर रोखून थांबण्याचा इशारा देतो. मुलगा थांबत नाही, पुढे येतो. गोळी सुटते. मुलाच्या हातात होता तो कॅमेरा. १९९३ मध्ये फौजदारी खटल्यात तो गृहस्थ निर्दोष सुटला; पुढे दिवाणी न्यायालयाने मात्र त्याला जबाबदार धरून मोठी भरपाई देण्याचा आदेश दिला. एकाच कृत्यावर दोन न्यायालयांचे दोन निवाडे. पण तो मुलगा काही परत आला नाही.

हजरत उसामा (रजि.) यांनी लढाईत कलमा उच्चारणाऱ्या एका शत्रूला, तो प्राणभयाने बोलतो आहे असे समजून ठार केले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना विचारले होते की, तू त्याचे हृदय चिरून पाहिले होतेस काय? परिस्थिती निराळी असली तरी हा प्रश्न आपल्यालाही लागू पडतो. आणि परदेशातील मुस्लिमाने तर तो विशेष लक्षात ठेवावा. आपली दाढी, आपला हिजाब, आपले नाव पाहून कोणी तरी बिचकते, हे त्याने अनुभवलेले असते. कोणाच्या तरी भीतीचा विषय होणे कसे असते, हे ज्याला ठाऊक आहे, त्याने दुसऱ्याचा वर्ण, कपडे किंवा बोलण्याचा सूर पाहून त्याच्यावर शस्त्र रोखावे काय?

वाचकहो, आता खरी अडचण. ''मी थांबलो आणि माझा अंदाज चुकला तर?'' अशा वेळी दोन्ही बाजूंना चूक संभवते. थांबण्यात चुकलेल्या माणसाचा कदाचित प्राण जाईल, पण त्याच्यासाठी शहादतची शुभवार्ता आहे. घाईत चुकलेला मनुष्य एका निरपराधाचे रक्त घेऊन अल्लाहपुढे उभा राहील, आणि कयामतच्या दिवशी माणसामाणसांतील ज्या दाव्यांचा निवाडा सर्वप्रथम होईल ते रक्ताचे असतील. हे दोन तोटे सारखे नाहीत. हजरत उस्मान (रजि.) यांच्या घराला हिजरी सन ३५ मध्ये वेढा पडला, तेव्हा त्यांनी आपल्यासाठी तलवार उपसण्यास सहकाऱ्यांना मनाई केली आणि शहादत पत्करली. स्वतःच्या जिवाच्या बाबतीत मनुष्य इतका उदार होऊ शकतो.

पण गाडीत पत्नी आणि मुलगी होती. त्यांच्या जिवावर उदार होण्याचा अधिकार त्याला नव्हता. त्यांच्यापर्यंत खरा हल्ला पोहोचला असता आणि दुसरी वाट उरली नसती, तर शस्त्र न काढणे हीच कर्तव्यात कसूर ठरली असती. म्हणूनच आपण हे एका वाक्यात सोडवू शकत नाही. इतकेच म्हणता येते की, त्या रात्री वाट उरलेली होती. गाडीचे दार उघडे होते, इंजिन सुरू होऊ शकत होते. जोवर दार उघडे आहे, तोवर शस्त्राची पाळी आलेली नाही.

आपण महाराष्ट्रातील वाचक म्हणाल की, आमच्याकडे पिस्तूल कोठे? १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार येथे परवान्याशिवाय ते बाळगताच येत नाही. खरे आहे. पण शेताच्या बांधावर उचललेली कुऱ्हाड, गल्लीतील भांडणात घेतलेली काठी, जमावात उचललेला दगड यांनाही हाच नियम आहे. भारतीय न्याय संहितासुद्धा खासगी संरक्षणाचा हक्क मान्य करताना सांगते की, पोलीस वा प्रशासनाचा आधार घेण्यास वेळ असेल तेथे तो हक्क मिळत नाही आणि गरजेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा कोठेच नाही.

मी भाच्याला अखेर एवढेच कळवले, ''बाळ, तू भित्रा नव्हतास. तुझा हात कमरेकडे गेला ते भीतीने, आणि तेथेच थांबला तो ईमानमुळे. पण पुढच्या वेळी तो निर्णय त्या क्षणावर सोपवू नकोस. रोज घरातून निघताना वुजू करावा तसा तो मनाशी करून नीघ. आणि एखाद्या दिवशी राग घरी ठेवणे जमले नाही, तर त्या दिवशी पिस्तूल घरी ठेव.''

अल्लाह आपल्या सर्वांच्या घरादाराचे रक्षण करो आणि आपल्या हातून कोणाही निरपराधाचे रक्त सांडण्यापासून आपल्याला वाचवो. आमीन.