तरतील : श्वासाची सबुरी



नाकाडोंगरीच्या मँगनीज पट्ट्यात दिवसभराचे कष्ट आणि यंत्रांची घरघर अंगात मुरवून माणूस इशाच्या नमाजला उभा राहतो, आणि सूरह फातिहा घाईने उरकतो. अल्लाहने मात्र सूरह मुज्जम्मिलमध्ये (73:4) तरतीलचा, म्हणजे सावकाश व स्पष्ट पठणाचा, आदेश दिला आहे.

फातिहाच्या अखेरीस ‘दाल्लीन’मधील मद्द 6 हरकतींचा आहे, शद्दयुक्त नून-मीमचा गुन्ना नाकात घुमतो. असा दीर्घ उच्छ्वास हृदयाचे ठोके मंदावतो, मज्जासंस्थेचा ताण निवळतो. परंतु कुरआन केवळ निजवणारा ध्वनी नव्हे. मोबाईलवर तिलावत लावून गप्पा मारणाऱ्या घराला आवाज लाभतो, सकीना नव्हे.

आज रात्री प्रत्येक आयतीवर थांबा, अर्थ मनात आणा. कंप कंठात उठेल. अंतःकरणाला शांती अल्लाहच देईल.