देव्हारा आणि आसन

नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांत गेलो की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला असा, की घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या देवीचे काय करायचे? दुसरा असा, की आम्ही ध्यानाला बसावे की नाही, आणि डोळे मिटून बसणे हे तरी बुवाबाजीहून वेगळे कशावरून? मी शाळामास्तर आहे. प्रश्न आला की उत्तर द्यायचे, ही आमची सवय. पण हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत, हे मला माझ्या निरक्षर आजीने शिकवले. ते सांगताना माझी स्वतःची चूकही सांगावी लागेल. ती लपवून उपदेश केला तर त्या उपदेशाला काही किंमत राहणार नाही.

२०२२ च्या हिवाळ्यात मुंबई, भिवंडी, मालेगाव या भागांत गोवराची साथ आली होती. त्याच हंगामात आमच्या गावातही काही मुलांना गोवर आला. त्यात माझी पावणेचार वर्षांची मुलगी होती. पहिली लस तिला नवव्या महिन्यात दिली होती. दुसरी दीड-दोन वर्षांच्या वयात द्यायची असते. ते दिवस २०२० च्या टाळेबंदीत गेले आणि पुढे 'देऊ, देऊ' म्हणता म्हणता ती राहून गेली. ही माझी पहिली चूक.

मुलीच्या अंगावर पुरळ दिसताच आजीने उंबऱ्यावर लिंबाचा डहाळा बांधला, अंथरुणाभोवती पाला पसरला आणि घरात बजावले, "आई आलीया. सुई टोचायची न्हाई, दवाखान्यात न्यायची न्हाई. आई आपल्या पावलानं जाईल." मग पिठाच्या डब्यामागून तिने तांबड्या फडक्यात बांधलेला मरीआईचा टाक काढला. आमच्या घराने २००६ साली दीक्षा घेतली. त्या दिवशी घरातले सगळे देव नदीला गेले, असे आम्ही समजत होतो. हा एक टाक तिने सोळा वर्षे सांभाळला होता.

मी काय करीत होतो? त्या वर्षी मी दहा दिवसांच्या ध्यान-शिबिराला जाऊन आलो होतो आणि रोज पहाटे तासभर बसत होतो. तिसऱ्या दिवशी पहाटे मी आसनावर असताना मुलीचा श्वास घरघरू लागला. पत्नी दारात आली. मी हातानेच 'थांब' अशी खूण केली. थोड्या वेळाने ती पुन्हा आली. मी डोळे उघडले नाहीत. मनात काळजी उठत होती. ती अनित्य आहे, असे स्वतःला सांगत मी तिच्याकडे पाहत बसलो, आणि आपल्याला हे जमते याचे मला समाधानही वाटले. तास पुरा करून उठलो तेव्हा घरात पत्नी नव्हती आणि मुलगीही नव्हती. शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर बसून पत्नीने तिला ग्रामीण रुग्णालयात नेले होते. न्यूमोनिया झाला होता. आठ दिवसांनी मुलगी घरी आली. आणखी उशीर झाला असता तर काय झाले असते, हे डॉक्टरांना विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

शिबिरात कोणी असे करायला शिकवले नव्हते. दोष माझा होता. पण माणसाला स्वतःचा दोष आधी दुसऱ्याच्या अंगावर दिसतो. मी रागाने टाक उचलला आणि विहिरीकडे निघालो. आजी आडवी आली नाही. ती म्हणाली, "टाक फेकून. पर मास्तरा, येक सांग. माझ्या अंगात येतं तवा मी डोळं मिटती, तू बी रोज डोळं मिटतुस. पोरगी घरघरत हुती तवा माझी देवी लिंबाचा पाला घिऊन का व्हईना, तिच्या उशाशी हुती. तुझा बुद्ध कुठं हुता?"

बंधू-भगिनींनो, एम.ए., बी.एड. झालेल्या मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. आज जे उत्तर सुचते ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम आजीची बाजू समजून घेऊ. तिच्या तोंडावर देवीचे व्रण आहेत. आपल्या भाषेचाच विचार करा. रोगाचे नाव देवी, त्या रोगाची मालकीण म्हणून पुजायची ती देवी, आणि लस घेण्यालाही आपण 'देवी टोचणे' म्हणत आलो. आजी सहा-सात वर्षांची असताना तिच्या घरात देवी आल्या. ती वाचली, तिचा धाकटा भाऊ गेला. टोचणारा माणूस गावात येई, तो चावडीपाशी बसे. मांगवाड्याची पाळी शेवटी येई, आणि पुष्कळदा यायचीच नाही. अशा माणसाने देवीला हात जोडले नाहीत तर कोणाला जोडायचे?

मरीआईचेही तसेच. मरीआई म्हणजे पटकीची देवता. १८८४ साली रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने कलकत्त्याला पटकीचे जंतू रोग्यांच्या शरीरात आणि तळ्याच्या पाण्यात शोधून काढले. पटकी घाण पाण्यातून पसरते. मग ज्यांना स्वच्छ पाणवठ्याला हात लावू दिला जात नव्हता, त्यांच्या वस्तीत मरीआईचे ठाणे पक्के का झाले, हे वेगळे सांगायला नको. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तो माणुसकीच्या हक्काचा लढा होता. पण पाण्याचा हक्क हाच मरीआईवरचाही खरा उतारा होता, हे आपण ध्यानात घेत नाही.

आणि डॉक्टर? 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी १९२९ साली छापून आलेले काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र दिले आहे. त्या शिक्षकाची बाळंत पत्नी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. शेवटी आला, पण थर्मामीटर त्याने स्वतः लावला नाही. तो एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याला दिला, नवऱ्याने पत्नीला लावला. न्यूमोनिया आहे असे सांगून डॉक्टर गेला. ती बाई वाचली नाही. शिक्षक मीही, न्यूमोनिया माझ्याही घरी आला. पण माझ्या मुलीच्या छातीला डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने नळी लावली. मधल्या काळात काय बदलले, ते आपण जाणता. हा बदल देवीने केला नाही, आणि माझ्या डोळे मिटण्यानेही झाला नाही. तो संघर्षाने झाला, शिक्षणाने झाला, संविधानाने झाला.

म्हणून आजीला भोळी म्हणून हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. तिची देवी ही तिच्या एकटेपणाची खूण आहे. आणखीही एक गोष्ट आहे. आजोबा पोतराज होते. देवीच्या दारी स्वतःच्या अंगावर आसूड ओढून त्यांनी पोट भरले आणि घरी आल्यावर आजीचे कधी ऐकले नाही. पण मंगळवारी आजीच्या अंगात आले की तेच आजोबा तिच्या पायावर डोके ठेवीत. सहा दिवस जिला तोंड नव्हते, तिला सातव्या दिवशी देवीच्या तोंडाने बोलता येई. आपण तिचा टाक काढून घेतो तेव्हा तिचे तेवढे बोलणेही काढून घेतो. त्याच्या बदल्यात आपण तिला काय देतो? आपल्या विहाराच्या समितीत किती स्त्रिया आहेत? घरातल्या निर्णयात सुनेचा शब्द चालतो काय? माझ्याच घरात पत्नी दोनदा दारात आली आणि मी हाताने तिला परत पाठवले. देवी गेली, पण बाईच्या शब्दाला किंमत आली नाही, तर धर्मांतर अर्धेच झाले.

परंतु समजून घेणे वेगळे आणि मान्य करणे वेगळे. देवीच्या उपासनेत मूळ दोष भयाचा आहे. रोग का झाला, तर ती कोपली म्हणून. बरा कशाने होईल, तर ती शांत झाली म्हणजे. या मांडणीत रोगाचे कारण शोधायला जागाच उरत नाही. भगवान बुद्धांची शिकवण तर कारणापासून सुरू होते. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, आणि ते कारण दूर करता येते. दुसरा दोष नीतीचा आहे. गावात पटकी आली की मरीआईचा गाडा करून तो शिवेवर नेऊन सोडीत. म्हणजे आपली बला शेजारच्या गावाच्या शिवेत लोटायची. ते गाव तो गाडा पुढे ढकली. या पूजेत शेजाऱ्याच्या लेकराचा विचार नाही. लसीचे याच्या नेमके उलट आहे. माझ्या मुलीला लस टोचली तर शेजारच्या तान्ह्या मुलाचेही रक्षण होते. अशा लसीकरणानेच १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी आढळला नाही, आणि १९८० साली तो रोग साऱ्या जगातून गेल्याचे जाहीर झाले. हजारो वर्षांच्या नवसांनी जे झाले नाही, ते माणसांनी गावोगाव फिरून केले. तरीही २०२० साली बिहार-झारखंडात काही ठिकाणी 'कोरोना माई'ची पूजा झालीच. जिथे भय असते आणि दवाखाना दूर असतो, तिथे नवी देवी जन्माला यायला वेळ लागत नाही.

आता ध्यानाकडे वळू. ध्यान हे हिंदूंचे, म्हणून टाकून द्यावे, असे काही बंधू म्हणतात. ते बरोबर नाही. अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती आणि सम्यक समाधी ही दोन अंगे आहेत, आणि त्या मार्गाचे अनुसरण करण्याची प्रतिज्ञा आपण बावीस प्रतिज्ञांमध्ये घेतली आहे. उलट काही बंधू म्हणतात, ध्यान म्हणजेच धम्म. तेही बरोबर नाही. सिद्धार्थ गौतमाने आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त या दोन गुरूंकडे जाऊन ध्यानाच्या वरच्या पायऱ्या साध्य केल्या होत्या. तरीही तो तेथे थांबला नाही, कारण तेवढ्याने दुःखाचा प्रश्न सुटत नव्हता. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नुसती समाधी आणि सम्यक समाधी यांत फरक केला आहे. नुसत्या समाधीत मनातले विकार तेवढ्यापुरते दबतात. सम्यक समाधी मनाला कुशलाचा विचार करण्याची सवय लावते.

माझी चूक नेमकी येथे होती. माझ्या मनाची काळजी शांत करणे हेच मी ध्यान समजलो. पण ती काळजी रोग नव्हती. ती आजारी लेकराची हाक होती. स्मृती म्हणजे भान. पलीकडच्या खोलीत मुलगी घरघरते याचे ज्याला भान नाही, त्याला स्वतःच्या श्वासाचे भान असून काय उपयोग? विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडून होता, सोबती त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाच्या मदतीने त्याला स्वतः धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले, आणि माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी, अशा अर्थाचा उपदेश संघाला केला. आजीने विचारले होते, तुझा बुद्ध कुठे होता? तो त्या पहाटे आसनावर नव्हता. मोटारसायकलवर लेकराला छातीशी धरून बसलेल्या माझ्या पत्नीपाशी तो होता. तिने देवीच्या जाण्याची वाट पाहिली नाही आणि माझा तास संपण्याचीही पाहिली नाही. तिने कधी शिबिर केले नव्हते.

तेव्हा देवी असो की ध्यान असो, कसोटी एकच लावावी. या आचरणाने माझे भय कमी होते काय? मला कारण दिसते काय? दुसऱ्याच्या दुःखासाठी मी लवकर उठतो काय? उत्तर 'होय' असेल तर ते आचरण ठेवावे. 'नाही' असेल तर, नाव कितीही पवित्र असो, ते सोडावे. ज्या आसनावरून हाकेला उठता येत नाही ते आसनही देव्हाराच होय.

राहिला घरातल्या देवीचा व्यवहारी प्रश्न. मला वाटते ते असे. प्रतिज्ञा ज्याची त्याने घ्यायची असते. गौरी-गणपती आणि इतर देवदेवतांना न मानण्याची प्रतिज्ञा मी घेतली आहे. ती मी पाळीन, आणि माझ्या मुलांना देवीपुढे उभे करणार नाही. पण म्हाताऱ्या आईच्या किंवा आजीच्या हातातून टाक हिसकावून घेणे म्हणजे धम्म नव्हे. बळजबरीने सोडवलेला देव पिठाच्या डब्यामागे जाऊन बसतो. तिच्याशी बोलावे, तिच्यापाशी बसावे, तिला दवाखान्यात सोबत न्यावे. मात्र एक मर्यादा पक्की असावी. लेकराच्या अंगावर देवीची सत्ता नाही. औषध, लस, दवाखाना यांत म्हातारीचा कौल चालणार नाही, आणि मास्तरचे आसनही आडवे येणार नाही. श्रद्धा ज्याची त्याची असेल, पण जीव ज्याचा त्याचा आहे.

मी तो टाक विहिरीत टाकला नाही. परत आणून आजीच्या हाती दिला आणि तिची क्षमा मागितली. पत्नीचीही मागितली. तो टाक अजून तिच्यापाशी आहे, हे मी प्रांजळपणे सांगतो. मंगळवारी ती त्याला कुंकू लावते की नाही, हे मी पाहत नाही. पण पुढे धाकट्या मुलाच्या गोवराच्या दुसऱ्या लसीचा दिवस आला, तेव्हा आशाताईंनी हाक मारताच त्याला मांडीवर घेऊन बसली ती आजीच. सुई टोचताना तिने स्वतःचे डोळे मिटले होते, एवढे मात्र पाहिले. पोरगा रडला, आणि तिने डोळे उघडून त्याला उराशी धरले.

मी अजूनही पहाटे बसतो. दार उघडे ठेवून बसतो.

जयभीम. नमो बुद्धाय.