वाचनालय, दान आणि ऋण

गावचे वाचनालय रोज उघडते ते बहुतेक वेळा कोणीतरी बिनपगारी हजर राहतो म्हणून. निवृत्त शिक्षक कुलूप काढतात, महाविद्यालयात जाणारी मुलगी नोंदवही भरते, कोणी पावसाळ्याआधी कौले फेरून देतो, कोणी कपाटाला वाळवी लागू नये म्हणून सुटीच्या दिवशी पुस्तके उन्हात मांडतो, तर मुंबईला नोकरीला असलेला गावकरी वर्षभराच्या वर्तमानपत्रांचे बिल भरतो. सत्काराच्या भाषणांत या सगळ्याला हमखास ज्ञानदान म्हटले जाते. परंतु दान म्हटले की एक दाता आला, एक याचक आला आणि दोघांमध्ये एक पायरी आली. वाचनालय चालवणाऱ्याला त्या वरच्या पायरीवर उभे राहण्याचा अधिकार आहे का, हा धर्मविचारातला प्रश्न आहे.

ज्ञानाच्या दानाला भारतीय परंपरेने फार वरचे स्थान दिले. मनुस्मृती वेदाच्या दानाला अन्न, भूमी, सोने यांच्या दानाहून श्रेष्ठ ठरवते. देवगिरीच्या यादवांच्या दरबारातील हेमाद्री पंडिताने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणी’ रचला. त्याच्या दानखंडात विद्यादानाचा विधी येतो. पोथी लिहवून घ्यायची, तिची पूजा करायची, ती समारंभाने न्यायची आणि योग्य ठिकाणी अर्पण करायची. जैन परंपरेत आहार, औषध आणि अभय यांच्या जोडीने शास्त्रदान येते. आचार्य कुंदकुंदांच्या पूर्वजन्माची एक कथा सांगतात. वणव्यात सारे रान जळाले, तरी एक झाड आणि त्याच्या ढोलीतले ग्रंथ शाबूत राहिले. एका गुराख्याला ते सापडले. त्याला स्वतःला ते वाचता येत नव्हते. त्याने ते सांभाळले आणि एका मुनींना दिले, त्या पुण्याने तो पुढच्या जन्मी कुंदकुंद झाला. वाशिम जिल्ह्यातील कारंजा येथील जैन भांडारांनी जुन्या अपभ्रंश ग्रंथांची हस्तलिखिते शतकानुशतके जपली, त्यामागे हीच श्रद्धा आहे. इस्लाममध्ये माणसाच्या मृत्यूनंतरही ज्यांचे पुण्य चालू राहते अशा गोष्टींत वाहता दानधर्म आणि लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान या दोन्हींची गणना हदीसमध्ये केली आहे.

या परंपरांत पुस्तक सांभाळणे हेच पुण्यकर्म आहे, वाचणे नंतर येते. गावच्या वाचनालयाला हा वारसा जवळचा वाटतो, आणि तो खराही आहे. मात्र त्यात एक मोठी अडचण आहे, ती पात्रतेची.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची लक्षणे येतात. परतफेडीची अपेक्षा नसावी, देश आणि काळ योग्य असावा, आणि घेणारा पात्र असावा. पहिले लक्षण वाचनालयाला तंतोतंत लागू पडते, तिसरे लागू करताच वाचनालय मोडते. कारण ज्या समाजात ही शास्त्रे लिहिली गेली तिथे विद्येची पात्रता जन्माने ठरत होती. सर्वश्रेष्ठ म्हणून गौरवलेले वेदाचे दान शूद्रांना आणि स्त्रियांना मिळणारच नव्हते. दान जितके थोर, तितकी त्याच्याभोवतीची भिंत उंच. जोतीराव फुल्यांनी पुण्यात शाळा काढल्या तेव्हा त्यांनी पैशाच्या टंचाईवर घातला तितकाच घाव या भिंतीवरही घातला. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतले दुसरे सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे असे सांगते. वरवर हा कारभाराचा नियम दिसतो. प्रत्यक्षात पात्रतेची अट त्याने पूर्ण रद्द केली आहे: वाचायला आलेला प्रत्येक माणूस पात्रच, आणि न आलेला का आला नाही हे शोधणे ग्रंथपालाचे काम.

हे शोधणे सोपे नाही. एखादी जागा सर्वांना खुली आहे असे कागदावर लिहिल्याने ती खुली होत नाही. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये संमत केला आणि सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. तरीही महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायला 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह तिथे चालत जावे लागले. गावच्या वाचनालयातही असे न लिहिलेले नियम असतात. वाचनालय चावडीला लागून असेल आणि फक्त संध्याकाळी उघडत असेल, तर बायका तिथे जात नाहीत. ते एखाद्या देवळाच्या आवारात असेल, तर काही घरांतली मुले दारातून परत फिरतात. नोंदवहीत या गैरहजेरीसाठी रकाना नसतो. त्यामुळे वेळ बदलणे, मुलींसाठी दुपारची पाळी ठेवणे, पुस्तकांची पेटी वस्तीवर नेणे ही कामे पुस्तके भेट देण्यापेक्षा नैतिकदृष्ट्या जड आहेत, जरी त्यांचा फोटो कधी छापून येत नसला तरी. पाचगणीजवळच्या भिलार गावात 2017 मध्ये ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले. ही योजना शासनाची होती, पण गावकऱ्यांनी त्यासाठी राहत्या घरांतल्या खोल्या वाचकांना उघडून दिल्या. अनोळखी माणसाला पुस्तकासाठी उंबरठ्याच्या आत घेणे ही गोष्ट अनुदानाने विकत मिळत नाही.

दानाच्या चौकटीत हे सारे नीट बसत नसेल, तर परंपरेतच दुसरी चौकट आहे. तैत्तिरीय संहितेनुसार जन्मणारा ब्राह्मण ऋणे घेऊनच जन्मतो. देवांचे ऋण यज्ञाने, पितरांचे संततीने आणि ऋषींचे अध्ययनाने फिटते. शतपथ ब्राह्मणाने यात मनुष्यांच्या ऋणाची भर घातली. ते फिटते ते माणसांना आसरा आणि अन्न देऊन. आपल्याला अक्षरे कोणीतरी दिली, कोणीतरी लिहून ठेवलेले आपण वाचले, आणि ज्यांच्याकडून घेतले त्यांना ते परत करण्याची सोय नाही. म्हणून ते पुढच्याला द्यायचे. या दृष्टीने संध्याकाळचे दोन तास देणारा स्वयंसेवक ऋषिऋण आणि मनुष्यऋण एकाच खोलीत फेडत असतो.

दानाऐवजी ऋण मानले की आचरण बदलते. ऋण फेडणाऱ्याला आभाराची अपेक्षा ठेवता येत नाही. देणगीदाराचे नाव कपाटावर पुस्तकांच्या नावांपेक्षा मोठ्या अक्षरांत रंगवण्याचे कारण उरत नाही. दाता मन उठले की हात आखडता घेऊ शकतो. ऋणकोला ती मुभा नाही, म्हणूनच कार्यकारी मंडळात भांडण झाले की कुलूप लावण्याचा गावोगावचा रिवाज नुसता गैरसोयीचा म्हणून सोडून देता येत नाही, तो अधर्म्य आहे. घरातली जुनी पाठ्यपुस्तके आणि फाटके दिवाळी अंक ‘वाचनालयाला भेट’ म्हणून आणून टाकणाऱ्यालाही मग आपण काय परत करतो आहोत याचा विचार करावा लागतो.

या विचारावर एक गंभीर आक्षेप आहे. ज्याच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले, त्याच्यावर ऋषींचे कसले ऋण? आक्षेप बरोबर आहे आणि तो मान्यच केला पाहिजे. ज्याला काही मिळालेच नाही त्याच्याकडून परतफेड मागणे हा दुसरा अन्याय ठरेल. ऋण सर्वांवर सारखे नाही, ज्यांच्या घरात शाळा आधी पोचली त्यांच्यावर ते अधिक आहे. तरीही अनेक वाडीवस्त्यांवर पहिली शिकलेली पिढीच बाबासाहेबांच्या किंवा फुल्यांच्या नावाने वाचनालय उभारते आणि स्वतःच्या मजुरीतून चालवते. तिथे मात्र ते खऱ्या अर्थाने दान असते.

निष्काम कर्माचा प्रश्न यालाच जोडून येतो. संध्याकाळी दोनच वाचक आले, त्यांतला एक नुसता पेपर चाळून गेला, तरी दुसऱ्या दिवशी दार उघडायचे असते. फळावर नजर न ठेवता कर्म करण्याची गीतेची शिकवण इथे रोजच्या व्यवहारात उतरते. धोका आहे तो ती शिकवण दुसऱ्याला ऐकवण्याचा. स्वतःच्या कामाबाबत फलाशा सोडणे हा धर्म आहे. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या ग्रंथपालाला ‘ही सेवा आहे, पैशाचे काय’ असे सांगणे हे शोषण आहे, मग सांगणारा संस्थेचा अध्यक्ष असो वा शासन.

शासनाचा वाटा इथे नीट पाहावा लागतो. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने गावोगावची ग्रंथालये सरकारी केली नाहीत. ती नोंदणीकृत संस्थांकडेच राहिली. शासन त्यांना मान्यता देते, अ, ब, क, ड असे वर्ग पाडते आणि परिरक्षण अनुदान देते. 2022 मध्ये या अनुदानात 60 टक्के वाढ झाली. ‘ड’ वर्गाचे वार्षिक अनुदान 30 हजारांवरून 48 हजार रुपयांवर गेले, म्हणजे महिन्याला चार हजार. ग्रंथपालाचे वेतन, नवी पुस्तके, नियतकालिके आणि विजेचे बिल त्यातच. उरलेले सगळे स्वयंसेवकांच्या खिशातून आणि वेळातून येते.

हे असेच असावे लागते असे नाही. मूळ नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे, बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1910 मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बडोद्यास बोलावले आणि राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणले. गावाने वर्गणी जमवली की तिच्या तोडीची रक्कम प्रांत पंचायत आणि राज्य घालत असे. गावाचे ऋण आणि राज्याचे कर्तव्य एकमेकांची जागा न घेता शेजारी शेजारी उभे राहिले. केरळात पी. एन. पणिक्कर यांनी 1945 मध्ये 47 ग्रंथालयांचा संघ बांधला. ती चळवळ स्वयंसेवकांचीच होती, तरी पुढे तिथल्या कायद्याने ग्रंथालय उपकराची सोय केली. मद्रास राज्याच्या 1948 च्या कायद्यात तो आधीपासूनच होता. महाराष्ट्राच्या 1967 च्या अधिनियमात असा उपकर नाही.