कठडा कोणी बांधायचा?

जुन्या करारातील ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात घर बांधणाऱ्यासाठी एक साधा नियम आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा. तो न केल्यामुळे कोणी खाली पडला, तर त्या रक्ताचा दोष घरावर येतो, असा त्याचा आशय. त्या देशात धाबे ही रोजच्या वापराची जागा होती. तेथे धान्य वाळवीत, उन्हाळ्यात निजत, पाहुण्यांशी बोलत बसत. म्हणजे घराची जी सर्वांत सुखाची जागा, तीच धोक्याचीही जागा होती. घराबरोबरच धोकाही बांधला जातो आणि त्याचे उत्तरदायित्व बांधणाऱ्याकडे राहते, एवढी मोठी गोष्ट या लहानशा नियमात सामावली आहे.

विकास आणि आपत्ती यांचा विचार आपण सहसा एकाच दिशेने करतो. माणसे कष्टाने घरे, शेते, रस्ते, शाळा उभारतात आणि भूकंप, पूर वा वादळ येऊन ते सारे एका रात्रीत मोडून टाकते, असे आपण म्हणतो. ते खरेच आहे. परंतु याच्या उलट जाणारीही एक वाट आहे. आपण जे उभारतो, जसे उभारतो आणि जेथे उभारतो, त्यातूनच उद्याची आपत्ती आकार घेत असते. जमीन हादरणे ही निसर्गाची घटना. भिंत कोणाच्या अंगावर पडते, हे मात्र पुष्कळसे माणसाच्या व्यवस्थेने ठरते. मग निसर्गातील अनिष्ट कोठे संपते आणि नैतिक अनिष्ट कोठे सुरू होते? तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा प्रश्न शांतपणे हाताळता येतो. ढिगाऱ्यापाशी तो तसा राहत नाही.

आपल्या महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर या प्रश्नाचे नाव किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांच्या सीमाभागात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतींचे विसर्जन करून माणसे उशिरा निजली होती. सरकारी नोंदीनुसार सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली. काही अंदाज १० हजारांपर्यंत जातात. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, १७ जानेवारी १९९४ रोजी, अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिज भागात ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला. तोही पहाटेच, माणसे झोपेत असताना आणि दाट वस्तीच्या महानगरात. तेथे मृतांची संख्या साठच्या आसपास राहिली. धक्का अधिक मोठा आणि मृत्यू शंभरपटीहून कमी! जमिनीखालील खडकांचा भेद हिशेबात घेतला, तरी एवढे मोठे अंतर केवळ निसर्गाच्या खात्यावर टाकता येत नाही.

त्या गावांतील घरे कशी होती, हे पाहिले पाहिजे. दोन-तीन फूट रुंदीच्या, काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही घरे थंड राहत. चोराचिलटांपासून संरक्षण होई. दगड जवळच मिळे. पावसाळ्यापूर्वी गळती थांबविण्यासाठी माळवदावर मातीचा नवा थर देण्याची रीत होती. म्हणजे जे घर जितके जुने आणि ज्याची निगा जितकी मनापासून घेतलेली, त्याच्या माथ्यावर तितके अधिक ओझे. दगडी वाडा ही प्रतिष्ठेचीही खूण होती. भूकंपाने हे सारे उलटे केले. गावाच्या कडेला पाचटाच्या वा पत्र्याच्या हलक्या झोपड्यांत राहणारे कितीतरी जण वाचले आणि चिरेबंदी घरांत कुटुंबेच्या कुटुंबे गाडली गेली. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला आपण सुरक्षितता समजत आलो, तीच त्या पहाटे घातक ठरली.

अशा वेळी दोन उत्तरे तत्काळ पुढे येतात. पहिले उत्तर असे की, हा देवाचा कोप आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसे यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक अपराधी होती काय, असा प्रश्न प्रभू येशू स्वतःच उपस्थित करतो आणि ते मत ठामपणे नाकारतो. मृतांच्या पापांची मोजदाद थांबवून तो ऐकणाऱ्यांनाच हृदयपालटाकडे वळवितो. ढिगाऱ्याखाली गेलेल्यांचा न्याय करण्याचा मोह आवरा आणि स्वतःकडे पाहा, अशी ती दिशा आहे. आपत्तीविषयी बोलताना ख्रिस्ती माणसाने ती सोडू नये.

दुसरे उत्तर अधिक आधुनिक आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने उद्ध्वस्त झाली. चर्चेस भाविकांनी भरलेली होती. पाठोपाठ समुद्र शहरात शिरला आणि आग भडकली. व्होल्तेर या फ्रेंच विचारवंताने त्यावर एक दीर्घ कविता लिहून, सर्व काही उत्तमासाठीच घडते असे सांगणाऱ्यांना जाब विचारला. त्याला १७५६ साली लिहिलेल्या पत्रात रूसोने वेगळाच मुद्दा मांडला. सहा-सात मजल्यांची वीस हजार घरे तेथे निसर्गाने आणून ठेवली नव्हती. माणसे विरळ वस्तीत आणि हलक्या घरांत राहती, तर हानी पुष्कळ कमी झाली असती, असे त्याचे म्हणणे होते. आपत्तीचा प्रश्न देवाच्या दरबारातून काढून नगररचनेच्या कचेरीत नेण्याचे श्रेय या पत्राला द्यावे लागेल.

पण या दुसऱ्या उत्तरातही एक धोका आहे. ‘माणसांनीच तशी घरे बांधली’ असे म्हणता म्हणता आपण सहज ‘त्यांनीच आपले मरण ओढवून घेतले’ येथपर्यंत पोहोचतो आणि मृतांना पुन्हा दोषी ठरवितो. फक्त पापाच्या जागी अज्ञान हा शब्द येतो. किल्लारीच्या शेतकऱ्याने धोका जाणून-बुजून पत्करला होता काय? त्याचा प्रदेश देशाच्या तत्कालीन नकाशात भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. १९९२ पासून तेथे लहान धक्के जाणवत होते, लोक भयभीत झाले होते. तरी घरे बळकट करण्याची मोहीम काही निघाली नाही. दगडी भिंतीत अंतराअंतराने आरपार दगड घालावेत, कोपरे सांधावेत, भिंतींना वरून पट्ट्याने बांधून घ्यावे, माळवदाचे ओझे कमी करावे, ही तत्त्वे अभियंत्यांना ठाऊक होती. ज्ञान होते, ते गवंड्याच्या हातापर्यंत पोहोचले नव्हते. ज्यांच्याकडे ते होते, त्यांचे घर त्या भिंतीखाली नव्हते.

येथेच मला या प्रश्नाचा गाभा दिसतो. विकासाचा प्रत्येक निर्णय हा धोक्याचाही निर्णय असतो. धोका अजिबात नसलेले जीवन कोणालाही मिळत नाही. म्हणून धोका आहे एवढ्यावरून कोणता निर्णय अनीतिमान ठरत नाही. ठरविणारा एक आणि भोगणारा दुसरा असेल, आणि भोगणाऱ्याला विचारलेच गेले नसेल, तर मात्र तो अन्याय होतो.

किल्लारीनंतरचे पुनर्वसन या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. सरकार, जागतिक बँक आणि देशभरातील संस्था यांनी प्रचंड काम केले, याबद्दल कृतज्ञताच बाळगली पाहिजे. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. मात्र घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवरून ठरले. भूमिहीन व अत्यल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्यांना ४०० आणि मोठ्या जमीनदारांना ७५० चौरस फूट. भूकंपाने क्षणभर पुसलेली उतरंड नव्या नकाशात पुन्हा आखली गेली. गल्लीबोळांची, वाड्या-अंगणांची, एकमेकांच्या ओसरीवर चालणारी वस्ती जाऊन तेथे शहरी वसाहतीसारखे सरळ रुंद रस्ते आणि एकसारख्या घरांच्या रांगा आल्या. गावे पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक जागेवर पसरली. म्हाताऱ्या माणसाला शेजार लांब पडला. घरे भक्कम मिळाली, पण ती कशी भक्कम झाली हे राहणाऱ्यांना शिकविले गेलेच असे नाही. त्यामुळे कुटुंब वाढले आणि घराला जोडखोली काढण्याची वेळ आली, तेव्हा अनेक ठिकाणी बांधकाम पुन्हा जुन्याच असुरक्षित रीतीने झाले.

याच कार्यक्रमाचा दुसरा भाग कमी गाजला, पण अधिक बोलका आहे. ज्या गावांत घरे पूर्ण पडली नव्हती, तेथे जवळजवळ दोन लाख घरांची जागच्या जागी दुरुस्ती व मजबुतीकरण करायचे होते. हे काम मालकाने स्वतः, सरकारी साहाय्य घेऊन करायचे. या कामात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. योजना काय आहे हे त्यांनी घरोघर समजावून सांगितले, साहित्याचा दर्जा पाहिला, अभियंत्याला प्रश्न विचारले, गवंड्याच्या कामावर देखरेख ठेवली. एरवी ग्रामसभेत मागे बसणाऱ्या बाया आता भिंतीतील आरपार दगड मोजू लागल्या. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा या भागातील स्त्रिया तेथील भगिनींना आपला अनुभव सांगण्यासाठी गेल्या. एका आपत्तीतून अशा प्रकारे विकास जन्माला आला. कारण येथे ठरविणारे आणि त्या छपराखाली निजणारे एकच होते. पोप सहावे पॉल यांनी १९६७ च्या ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’ या विश्वपत्रात विकासाला केवळ आर्थिक वाढ मानण्यास नकार दिला आणि जनसमूह आपल्या भवितव्याचे स्वतःच शिल्पकार व्हावेत, अशी अपेक्षा व्यक्त केली. त्याचा अर्थ या स्त्रियांनी भिंतीवर लिहून दाखविला.

किल्लारी दूर आहे, असे आपल्या वसईच्या वाचकाने मानू नये. आपला धोका भूकंपाचा नसून पाण्याचा आहे. पूर्वेच्या डोंगरांवरून येणारे पावसाचे पाणी सखल भागातून पश्चिमेच्या खाड्यांकडे आणि समुद्राकडे जाते. वाटेत शेते, मिठागरे आणि वाड्यांतील बावखले होती. पूर्वजांनी खणलेल्या या गोड्या पाण्याच्या तळ्यांवर रहाट चालत, केळी, भाजी आणि फुले पिकत. पावसाचे पाणी त्यांत थांबे, मुरे, विहिरींना मिळे. आता पुष्कळ बावखले बुजली, शेतांवर भराव पडले, नाले अरुंद झाले. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. एवढ्या माणसांना घरे हवीतच. त्यांतील बहुतेक मुंबईत परवडत नाही म्हणून येथे आलेली कष्टकरी माणसे आहेत. जुलै २०१८ मध्ये हा परिसर दिवसेंदिवस पाण्याखाली राहिला, रेल्वे थांबली, तळमजल्यावरच्या संसारांचा चिखल झाला. त्या पाण्याने स्थानिक आणि उपरा असा भेद केला नाही.

बुजविलेल्या बावखलातील पाणी नाहीसे होत नाही. ते शेजाऱ्याच्या दारात जाते. भराव घालून मी माझे जोते तीन फूट उंच केले, तर माझा पूर मी खालच्या अंगाच्या घराला दिला, एवढाच त्याचा अर्थ. व्यवहार कायदेशीर असेल, पैसे घामाचे असतील, हेतू मुलीच्या शिक्षणाचा असेल. तरीही ज्याला विचारले नाही, त्याच्यावर धोका ढकलला गेलेला असतो. करायचे ते न केल्याचे पाप आपण मिस्साच्या आरंभी कबूल करतो. न बांधलेला कठडा त्याच जातीचा आहे.

मात्र येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ज्याच्या वाडीत बावखल आहे, त्याने ते सर्वांसाठी राखावे, जमिनीच्या भावावर पाणी सोडावे आणि इतरांनी त्याला दुरून उपदेश करावा, हाही अन्यायच आहे. त्याच्या बावखलामुळे ज्यांची घरे कोरडी राहतात, त्यांनी त्याचा भार वाटून घ्यायला हवा. गाळ काढण्याचा खर्च गावाने उचलावा, बांधबंदिस्तीला हात लावावेत, महानगरपालिकेकडे त्याच्यासाठी सवलत मागताना सर्वांनी सह्या कराव्यात. अनुवादातील नियम एकट्या घरासाठी होता. आपली धाबी आता एकमेकांना लागून आहेत, तेव्हा कठड्याची वर्गणीही सामाईकच असली पाहिजे.

प्रत्येक धर्मग्रामात पावसाळ्यापूर्वी चर्चचे छप्पर तपासण्याची प्रथा आहे. त्याच वेळी आपल्या हद्दीतील पाणी कोठून येते, कोठे अडते आणि ते शिरल्यावर कोणत्या तळमजल्यावर कोण एकटे राहते, हेही पाहिले पाहिजे. त्या पाहणीत शेजारच्या चाळीतील, वेगळ्या धर्माचे आणि वेगळ्या भाषेचे लोक बरोबर असले पाहिजेत. कारण पाणी त्यांच्याही घरात शिरते. पुढच्या भरावाचा विषय निघेल, तेव्हा त्यांचेही मत विचारले जाईल काय, यावर आपल्या विकासाची किंमत ठरणार आहे.